टेन स्लीपच्या घाटात वेल्डा

माझी भावजय वेल्डा साठीला टेकेपर्यंत गाडी घेऊन गावाबाहेर कधी गेली नव्हती. घर ते शाळा, शाळा ते किराणा दुकान, रविवारी चर्च, एवढाच तिचा रस्ता, आणि त्यात चढ म्हणून कुठे नव्हता. आमचं गावच परातीसारखं सपाट. बीटाची शेतं, साखर कारखाना, घेवड्याची कोठारं, आणि पूर्वेला बिगहॉर्नचा डोंगर उभा. त्या डोंगरावर आम्हाला न्यायचं काम माझ्या भावाचं होतं.

भाऊ म्हणजे रायनहोल्ड. त्याला सगळे राइनी म्हणायचे. काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, खडीचा ट्रक चालवण्यात त्याचा जन्म गेला. वेल्डा शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तिच्या हातची दर गुरुवारची दाट चिली, म्हणजे घेवडा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि तिच्यासोबतचा दालचिनीचा रोल ज्यांनी शाळेच्या बाकावर बसून खाल्ला, त्यांना अजून गुरुवार आला की तो वास आठवतो. रोल चिलीत बुडवून खायचा. बाहेरगावचे नाक मुरडतात. मुरडोत.

मी आल्मा, राइनीची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. पोस्टाच्या खिडकीवर बसून साऱ्या गावाची खुशाली विचारत राहिले. त्या दोघांनी मला कधी एकटी पडू दिलं नाही. दर जुलैत ती दोघं डोंगरावरच्या मेडोलार्क तळ्याकाठी मुक्कामाला जायची तेव्हा पिकअपच्या मागच्या अरुंद बाकड्यावर गुडघे हनुवटीला लावून, मांडीवर रूबार्ब पायचं, म्हणजे आंबट देठांच्या भाजलेल्या गोड पदार्थाचं, भांडं सांभाळत मी असायचेच.

पिकअपच्या मागे आमचा ट्रेलर. पांढरा, फायबरग्लासचा, सगळीकडून गोल. आत झोपायला दोन बाकं, एक शेगडी, आणि वेल्डानं शिवलेले पिवळे पडदे. चार माणसांनी ढकलला तर सरकेल इतका हलका. गावात त्याला ‘अंडं’च म्हणायचे. राइनी निघाला की कारखान्याच्या फाटकावरून कोणीतरी ओरडायचंच, “राइनी, उबवायला निघालास काय रे?” तोही भोंगा वाजवायचा.

एवढं हलकं अंडं, पण घाट लागला की राइनी देवळात शिरल्यासारखा गंभीर व्हायचा. गिअरच्या दांडीच्या टोकाला एक बटण होतं. ते दाबलं की चौथा गिअर, म्हणजे ओव्हरड्राइव्ह, बंद. सपाट रस्त्याला ओव्हरड्राइव्हसारखं सुख नाही. इंजिन निवांत चालतं, पेट्रोल कमी लागतं. पण मागे ट्रेलर आणि पुढे चढ असला की त्या गिअरला ताकद पुरत नाही. गाडी आपणहून तिसऱ्यात उतरते, जरा वेग आला की परत चौथ्यात जाते, लगेच दमून परत खाली. असं चालू राहिलं की गिअरबॉक्सचं तेल तापतं आणि एक दिवस सगळंच जळतं. हे सगळं तो आम्हाला दर वर्षी त्याच वळणावर समजावून सांगायचा, आणि वेल्डा विणकामातून मान वर न करता म्हणायची, “अंडं आहे रे ते, हत्ती नाही.”

“हत्ती असता तर मी निघालोच नसतो,” राइनी म्हणायचा. “हलकं असतं तेव्हाच माणूस गाफील राहतो.”

असे आमचे उन्हाळे गेले. मग एका मे महिन्यात तो मला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन चालला होता. वाटेत एकाएकी म्हणाला, “आल्मा, ते हरीण हलत का नाही?”

“कुठलं हरीण?”

“ते काय, कडेला उभंय.”

ती केंबेलांच्या घरापुढची टपालपेटी होती. मला वाटलं, थट्टा करतोय. मी खो खो हसले. तो हसला नाही. त्यानं गाडी हळूच कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

“तू चालव,” म्हणाला. “हिवाळ्यापासून असंच आहे. वेल्डाला बोललो नाही.”

बिलिंग्सच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की नजरेच्या मधोमध डाग पडलाय आणि तो वाढत जाणार. कडेचं दिसेल, समोरचं नाही. उपाय काही नाही. राइनी घरी आला, किल्ल्या दाराजवळच्या खिळ्याला अडकवल्या आणि खुर्चीत बसला. ज्या माणसाला जेवताना दोनदा उठून खिडकीतून आभाळ बघायची सवय, तो दिवसच्या दिवस खुर्चीतून हलेना. वेल्डा काही बोलली की म्हणायचा, “बरं आहे.” बरं काही नव्हतं.

जूनमध्ये एका रविवारी आम्ही चर्चमधून आलो तर अंगणात एक अनोळखी गृहस्थ ट्रेलरच्या चाकाला बुटानं ठोकून बघत होते. शेजारच्या ग्रेबुल गावाहून आले होते. राइनीनं आम्हाला न विचारता फोन करून त्यांना बोलावलं होतं.

“छान ठेवलाय तुम्ही,” ते वेल्डाला म्हणाले. “आमच्या नातवंडांना आवडेल.”

“आवडेलच,” वेल्डा म्हणाली. “पण विकायचा नाहीये.”

“तुमचे यजमान तर म्हणाले...”

“त्यांना हल्ली नीट दिसत नाही. घरात अजून एक माणूस राहतं, हे त्यांना दिसलं नसेल.”

राइनी पायरीवर उभा होता. त्याचा चेहरा लाल झाला. “वेल्डा, अगं ओढणार कोण ते?”

“मी.”

“तू? तुला दुकानासमोर गाडी लावता येत नाही धड. दोन गाड्यांची जागा अडवतेस.”

“मग डोंगरावर भरपूर जागा आहे,” वेल्डा म्हणाली, आणि त्या गृहस्थांना घरात नेऊन कॉफी पाजली. बिचारे पायचा मोठा तुकडा खाऊन रिकाम्या हातानं ग्रेबुलला परत गेले.

शिकवणी सुरू झाली चर्चच्या मागच्या मोकळ्या जागेत. संध्याकाळी आम्ही तिघं तिथे जायचो. राइनी ट्रेलरच्या भिंतीवर तळहात टेकून बाजूनं चालायचा आणि हाताला कळेल त्यावरून ओरडायचा. सगळ्यात मोठं भांडण गाडी मागे घेण्यावरून. ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंगचं चाक उजवीकडे फिरवायचं, हे वेल्डाच्या गळी उतरेना.

“उलटं फिरव! उलटं!”

“उलटंच फिरवतेय!”

“उलट्याच्या उलटं फिरवतेयस!”

“राइनी, आतमध्ये पाद्री आयुष्यभर सरळ वागायला शिकवतात, आणि बाहेर तू मला हे शिकवतोस. एक काय ते ठरवा.”

त्यात पाद्रीबाईंनी हौसेनं लावलेलं लायलॅकचं फुलझाड आडवं झालं. वेल्डानं दुसऱ्या दिवशी रोलची परात नेऊन दिली आणि नवं रोपटं स्वतः लावलं. पण जुलै उजाडेपर्यंत ती ट्रेलर मागे घेऊन दोन कचऱ्याच्या डब्यांच्या मधोमध उभा करायला लागली. राइनी चाचपून बघायचा, एकाही डब्याला धक्का लागलेला नसायचा. तेव्हा तो नुसतं “हं” म्हणायचा. त्याच्याकडून ते पुष्कळ होतं.

आणि मग तो पहिला घाट. टेन स्लीप गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंनी पिवळट कडे जवळ आले, खाली ओढा दिसायला लागला. वेल्डानं चाक इतकं घट्ट धरलं होतं की तिची बोटं पांढरी पडली होती. राइनी शेजारी ताठ बसलेला, डोळे मिटलेले, कान इंजिनाकडे. मी मागे, पायचं भांडं पोटाशी धरून.

चढ वाढला. इंजिनचा आवाज एकदम चढला, मग दबला, मग परत चढला.

“ऐक,” राइनी म्हणाला. “गिअर शोधतंय बघ. वर, खाली, वर, खाली. बटण दाब.”

“दाबलं.”

“दाबलं नाहीस.”

“दाबलं म्हणते ना! समोरचा दिवा होता तो गेला.”

“अगं दिवा गेला म्हणजे ओव्हरड्राइव्ह चालू झाला! दिवा लागतो तेव्हा तो बंद असतो.”

“दिवा लागला म्हणजे बंद? हे कुठल्या शहाण्यानं केलंय?”

“ते मला विचारू नकोस, बटण दाब!”

झालं होतं असं की वेल्डानं गावातून निघतानाच, आधीच दाबलेलं बरं म्हणून, एकदा बटण दाबून ठेवलं होतं. दिवा इतका वेळ लागलेलाच होता, आणि आता ऐन चढाच्या आधी दाबून तिनं नेमकं उलटं केलं होतं. तिनं गडबडीत परत दाबलं, मग खात्री वाटेना म्हणून आणखी एकदा दाबलं. गाडीला काय करावं कळेना. मागे गाड्यांची रांग लागली. कोणीतरी भोंगा वाजवला. तापलेल्या तेलाचा वास आत आला. राइनीनं पायाखालच्या पत्र्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “थांब. जागा मिळेल तिथे थांब.”

रस्त्याला बाजूची रुंद जागा आली तिथे वेल्डानं गाडी उभी केली. मागच्या गाड्या एकेक करून पुढे निघून गेल्या. एका पोरानं खिडकीतून जीभ दाखवली. वेल्डानं इंजिन सुरू ठेवायचं की बंद करायचं एवढं राइनीला विचारलं, त्यानं सांगितलं तसं गाडी उभ्या जागी थोडा वेळ चालू ठेवून मग बंद केली, आणि खाली उतरली. मला वाटलं, आता ही रडणार. ती ट्रेलरमध्ये गेली आणि शेगडी पेटवून कॉफी करायला लागली.

आम्ही तिघं ट्रेलरच्या पायरीपाशी हॅमचे सँडविच खात बसलो. ओढ्याचा आवाज येत होता. मग राइनी म्हणाला, “मला भीती वाटते गं, त्या बाजूला बसायची. रस्ता दिसत नाही, पाय ब्रेक शोधतो आणि खाली ब्रेकच नसतो.”

“मलाही वाटते,” वेल्डा म्हणाली. “फरक एवढाच, की मी घाबरत गाडी चालवतेय आणि तू नुसताच घाबरतोयस. म्हणून तुला वेळ जास्त मिळतो ओरडायला.”

राइनीला हसू आलं, इतकं की कॉफी नाकातून आली. मे महिन्यानंतर तो पहिल्यांदा हसला होता. मी उगाच पायचं भांडं उघडून बघायला लागले.

तिथेच दोघांनी ठरवलं. घाटात राइनीनं एकच शब्द बोलायचा, ‘आता’. तो शब्द आला की वेल्डानं एकदाच बटण दाबायचं, आणि दिव्याकडे तिनं बघायचं, त्यानं नाही. बाकी रस्ता, वळणं, मागच्या गाड्या, सगळं तिचं. पत्रा निवल्यावर आम्ही निघालो. वळण गेलं, चढ आला. राइनी म्हणाला, “आता.” वेल्डानं दाबलं. इंजिनचा आवाज एका सुरात बसला आणि तसाच राहिला. वेग बेताचा, पण गाडी कुठेही अडखळेना. झाडी दाट होत गेली, हवा गार झाली, आणि दुपार कलताना तळं दिसलं. वेल्डानं ट्रेलर नेहमीच्या पाइन झाडांखाली पहिल्याच खेपेत मागे घेतला. मग उतरली आणि गवतावर सरळ पाठ टेकून झोपली. उठली ती थेट मासे तळायची वेळ झाल्यावर.

त्यानंतर किती उन्हाळे आम्ही तसे हिंडलो! आधी वर्षातून एकदा जायचो, आता वेल्डाला चटकच लागली. शाळेतून निवृत्त झाल्यावर तर ती मे संपला की अंगणात ट्रेलर धुवायला काढायची. कधी थर्मोपोलिसचे गरम झरे, कधी टीटनच्या डोंगरांच्या बाजूला, एकदा थेट ब्लॅक हिल्सपर्यंत. राइनीचा डाग वाढत होता, पण कान आणि तोंड शाबूत होतं.

एकदा शोशोनीच्या रस्त्यावर त्यांची जुंपली ती मला चांगली आठवते. एक लहानसा चढ संपला होता, पुढे नजर पोचेल तिथवर सपाट माळ.

“सपाटीला लागलो,” राइनी म्हणाला. “चालू कर ओव्हरड्राइव्ह. उगाच पेट्रोल जाळू नकोस.”

“नाही करणार.”

“का?”

“वारा समोरून आहे.”

“वारा मला ऐकू येतोय.”

“ऐकू येतोय, पण गवत आपल्याकडे लवलंय ते मला दिसतंय. एवढ्या वाऱ्यात अंडं ओढायचं म्हणजे चढच आहे तो. चालू केला की परत तुझं ते वर-खाली, वर-खाली सुरू होईल.”

“मी तीस वर्षं ट्रक चालवला.”

“ट्रकला वारा घाबरायचा. अंड्याला घाबरत नाही.”

राइनी रुसला. शोशोनी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. तिथे आम्ही मिल्कशेक घेतले. अर्धा ग्लास संपल्यावर मान खाली घालून म्हणाला, “वाऱ्याचं माझ्या लक्षातच आलं नाही.” वेल्डानं आपल्या ग्लासातली चेरी काढून त्याच्या ग्लासात टाकली. तेवढ्यावर मिटलं.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो त्याच्यानंतरचा एक जुलै. आम्ही टेन स्लीपच्या घाटात होतो. चढ सुरू झाला होता, आणि मी ‘आता’ची वाट बघत होते. ‘आता’ काही येईना. वेल्डानं आरशातून माझ्याकडे बघितलं, भुवया उडवल्या आणि हळूच म्हणाली, “आल्मा, याच्याकडे बघ.”

मी पुढे वाकून पाहिलं. राइनीची मान खिडकीला टेकली होती, तोंड उघडं, टोपी नाकावर आलेली. गाढ झोपला होता. जो माणूस सीटची कड धरून घाट चढायचा, तो घाटात झोपला होता.

वेल्डानं अंगठ्यानं बटण दाबलं. दिवा लागला. तिचे डोळे भरले होते, पण हात चाकावर सैल होते. “उठवू नकोस हं,” ती कुजबुजली. “वर गेल्यावर विचारू, घाट कसा झाला म्हणून.”

वर गेल्यावर विचारलं. “छान झाला,” राइनी म्हणाला. “थोडं उशिरा दाबलंस बटण, पण छान.” आम्ही दोघी हसून हसून बाकावर आडव्या झालो. तो पुढे दर वर्षी घाटात झोपायला लागला आणि दर वर्षी वर जाऊन सूचना करायला लागला.

एका फेब्रुवारीत, बाहेर बर्फ पडत असताना, राइनी रेडिओ ऐकता ऐकता खुर्चीतच गेला. लोकांनी वेल्डाला सांगितलं, आता ट्रेलर काढून टाक. ती सगळ्यांना “बघू” म्हणाली. जुलैत सकाळीच तिचा फोन आला, “रूबार्ब पाय करतेयस की नाही?”

त्या वर्षी मी पहिल्यांदा पुढे बसले. घाटात वेल्डानं बटण दाबलं. मग म्हणाली, “सारखं वाटतंय, कोणीतरी चूक काढेल.” मी म्हटलं, “वेल्डा, उशिरा दाबलंस.” तिनं माझ्या दंडावर चापट मारली, आणि मग आम्ही दोघी तळं येईपर्यंत राइनीच्याच गोष्टी करत राहिलो.

पुढे काही वर्षं आम्ही तशाच जात राहिलो. चर्चमधल्या दोन विधवा बायकांना वेल्डानं मागच्या त्याच मोकळ्या जागेत ट्रेलर ओढायला शिकवलं. त्यातली एक अलास्कापर्यंत जाऊन आली आणि आम्हाला सॅमन माशाचे डबे घेऊन आली. मग वेल्डाचं कंबरेचं हाड मोडलं. तिची मुलगी कार्ला तिला ओरेगनला घेऊन गेली. अंडं एका तरुण जोडप्याला दिलं. वेल्डानं त्यांना अंगणात तासभर उभं करून काय काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, पण पोरगी अधूनमधून मान डोलवत होती आणि पोरगा बुटांकडे बघत होता.

दर रविवारी ओरेगनहून फोन यायचा. “इथे नुसती झाडंच झाडं आहेत गं,” ती कुरकुरायची. “समोरून कोण येतंय ते जवळ येईपर्यंत दिसत नाही. ढगसुद्धा डोक्यावर येऊन मगच सांगतात.” मी तिला बीट निघालं का, कारखाना कधी सुरू झाला, डोंगर पांढरा झाला का, हे सगळं सांगायचे. तिला तेच ऐकायचं असायचं.

गेल्या मार्चमध्ये ती गेली. एप्रिलच्या वाऱ्यात आम्ही तिला गावी आणून राइनीच्या कबरीशेजारी पुरलं. नंतर चर्चच्या तळघरात हॅम आणि बटाट्याचं जेवण झालं. लोक पांगले तेव्हा कार्ला माझ्याजवळ येऊन बसली.

“आल्मा आंट, एक विचारू?” ती म्हणाली. “मॉमला खरंच आवडायचं का ते गाडी चालवणं? मला नेहमी वाटायचं, डॅडला बरं वाटावं म्हणून ती करतेय.”

खोटं सांगायचं नव्हतं.

“पहिल्या वर्षी त्याच्यासाठी,” मी म्हटलं. “त्यानंतर तिच्या हातातून कोणी चाक काढून घेतलं असतं, तर ती चावली असती.”

कार्ला हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला. मी तिचा हात धरून ठेवला. आतून पाद्रीबाईंनी हाक मारली, कॉफीची मोठी किटली रिकामी करायला मदत हवी होती. आम्ही डोळे पुसले आणि दोघी भांडी विसळायला उठलो.